ढाल, तीन या बिंदूपाशी

बाथरूममध्ये पाणी साचतं म्हणून परवा मिस्त्री बोलावला. नोएडातल्या या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झालेत, आणि पहिल्या दिवसापासून आंघोळ झाली की मधल्या दोन फरश्यांवर तळं होतं. मिस्त्रीने दारापासून जाळीपर्यंत लांब पट्टी टाकली, तिच्यावर लेव्हल ठेवली, वाकून बुडबुडा बघितला आणि हात झटकत उठला. म्हणाला, "मैडम, ढाल तो बिल्कुल ठीक है." मगभर पाणी घेतलं आणि दाराशी ओतलं. पाणी ऐटीत जाळीकडे निघालं आणि अर्ध्या वाटेवर जे बसलं ते उठेना. तो पाण्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. सोमवारी तो फरशी उखडायला येणार आहे.

तो गेल्यावर मी खिडकीत उभी राहिले. फेब्रुवारी संपत आला होता. कुंपणापलीकडच्या सेमलला, म्हणजे आपल्या काटेसावरीला, एकही पान नव्हतं आणि फुलं मात्र लालभडक, मूठमूठभर. दिल्लीतली थंडी निरोप घेत नाही. एका दुपारी स्वेटर अंगावर जड वाटतो आणि कळतं की ती गेली. मेट्रोत मुलं परीक्षेचं पॅड छातीशी धरून, ओठ हलवत उभी असतात. दरवर्षी या दिवसांत मला राग येतो. इतकी वर्षं झाली, चांगली नोकरी आहे, संसार आहे, तरी तो राग जात नाही. जावा असं मला वाटतही नाही.

ते वर्ष मुनिरकातलं. परभणीहून मराठी माध्यमात बी.ए. करून, प्रवेशपरीक्षेत कसंबसं वरच्या यादीत नाव लावून मी अर्थशास्त्र शिकायला दिल्लीत आले होते. संस्था मोठी होती, नाव सांगत नाही. मुनिरकाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या खिडकीतल्या बाईने आमच्या दोरीवरचा टॉवेल हात लांबवून सरळ केला असता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघी, मी आणि सुमन. सुमन पानिपतची, शेजारच्या विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करणारी. हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ. ती मला नावाने हाक मारायची नाही, 'मराठन' म्हणायची. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बोलणं मध्येच थांबवावं लागे, आणि विमान गेलं की सुमन तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करायची.

आमच्या अभ्यासक्रमात गणिताचा एक पेपर सक्तीचा होता. वर्षभरात तीन चाचण्या आणि मार्चमध्ये शेवटची परीक्षा. त्या परीक्षेत नापास तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर प्रवेश गेला, असा नियम. मी दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं. दहावीच्या पुस्तकात चढ होता, पण तो रेषेचा. रेषा बिचारी सरळ, कुठेही पाहा, चढ तोच. इथे पहिल्याच महिन्यात फळ्यावर वक्र आला आणि सर म्हणाले, या बिंदूपाशी त्याचा स्लोप काढा. मला प्रश्नच कळला नाही. चढ म्हणजे कुठून कुठपर्यंत तरी हवा ना? एका बिंदूवर उभं राहून चढ कसा असेल?

पहिल्या चाचणीत तोच प्रश्न आला. य बरोबर क्ष वर्ग वजा चार क्ष. क्ष तीन असताना वक्राचा चढ सांगा. मी आपली माझ्या बुद्धीने गेले. वक्र शून्यातून निघतो, तीनपाशी तो उणे तीनवर असतो. दोन्ही बिंदू पट्टीने जोडले आणि लिहिलं: चढ उणे एक. सरांनी त्यावर लाल शाईने काट मारली आणि इंग्रजीत लिहिलं, 'स्लोप ॲट द पॉइंट'. त्यातल्या 'ॲट'खाली दोन रेघा. पन्नासपैकी चोवीस मिळाले. पुढच्या चाचणीत सतरा. डिसेंबरच्या तिसऱ्या चाचणीत अकरा.

त्या अकराच्या दिवशी मी खोलीवर आले, दप्तर टाकलं आणि म्हटलं, मेरा तो पानीपत हो गया. सुमन गजकाचा, त्यांच्याकडच्या तिळाच्या वडीचा, तुकडा तोडत होती. तिने मान वर करून विचारलं, क्या हो गया? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले आणि कोणासमोर. मग मला समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे कोणाचा पार धुव्वा उडाला की असं म्हणतात, मनावर घेऊ नकोस, ते तुझ्या गावाबद्दल नसतं. ती जराशी रागावली, जराशी हसली. तिचे वडील हातमागावर काम करायचे, तिच्या पेटीत गावाकडची चादर होती आणि लोणच्याची बरणी होती, आणि मी त्या गावाच्या नावाने रडत बसले होते.

"लड़ाई तो एक दिन की थी," ती म्हणाली. "हम तो वहाँ रोज़ रहते हैं."

मग तिने माझी उत्तरपत्रिका ओढून घेतली, उलटीसुलटी केली आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायचं जाहीर केलं. मी होय म्हटलं का, हे मला आठवत नाही. तिने विचारलं नव्हतं.

जानेवारीत धुकं फाटायला अकरा वाजायचे. मग आम्ही गच्चीवर जायचो. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या रजया, आणि त्यांच्या मधोमध चटईभर ऊन. सुमन शेंगा सोलत बसायची आणि सालं माझ्या वहीवर उडायची. ती शिकली होती हिंदीतून, त्यामुळे तिच्या तोंडात इंग्रजी शब्द टिकायचे नाहीत. पहिल्या दिवशी तिने तोच वक्र काढला, तीनवर टिंब दिलं आणि म्हणाली, इस बिंदु पर ढाल निकालो.

मी विचारात पडले, मग पेन्सिलीने त्या टिंबाशेजारी ढाल काढली. खरीखुरी. गोल, मधे चार फुगवटे, इतिहासाच्या पुस्तकात असते तशी. मला वाटलं, हिची काहीतरी खूण असेल, हा बिंदू महत्त्वाचा आहे म्हणून. सुमनने ते चित्र पाहिलं आणि ती इतकी हसली की शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली. हिंदीत ढाल म्हणजे ढाल तर आहेच, पण उतारही आहे, चढही आहे. आम्हा मराठी माणसांची ढाल एकच, तलवारीसमोर धरायची. ते चित्र मी खोडलं नाही.

हसून झालं, पण कळलं काहीच नव्हतं. पुढचे चार दिवस ती पुन्हा पुन्हा सांगत होती, मी मान डोलवत होते, आणि वेळ येईल तेव्हा पुन्हा पट्टी घेऊन दोन लांबचे बिंदू जोडत होते. रविवारी गच्चीवर असतानाच अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे वडील, गवंडी. परभणीत त्यांच्या हातच्या मोऱ्या आणि गच्च्या अजून आहेत आणि एकीतही पाणी साचत नाही. नेहमीप्रमाणे त्यांनी जेवलीस का, थंडी किती, असं विचारलं. मी रडवेली झाले होते, म्हणून उगाच हसत त्यांना ढालीचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं माय, ढाल कुठली, ढाळ असल तो. फरशीचा ढाळ."

मी गच्चीवरच खाली बसले. ढाळ. लहानपणापासून ऐकलेला शब्द. फरशीला ढाळ दे, गच्चीचा ढाळ नळाकडे ठेव, ढाळ चुकला की भिंत पाणी पिते. हिंदीला ळ नाही, म्हणून तो या गावात ल लावून हिंडत होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. मी विचारलं, अप्पा, तुम्ही ढाळ कसा बघता? ते म्हणाले, त्यात काय बघायचं, नवीन पोरं दारापासून मोरीपर्यंत दोरी लावतात, दोरी उताराला दिसली की खूश होतात. पण दोरीला मधलं काय कळतं? मधे फरशी बसली असेल तर तिथे डबकं राहतं. म्हणून दोरी आखूड करत यायची. हातभर, मग वीतभर, मग एका फरशीपुरती. आणि शेवटी तांब्याभर पाणी ओतायचं. ते ज्या जागी आहे, त्या जागचा ढाळ तेच सांगतं.

फोन ठेवला आणि मी सुमनकडून वही घेतली. तीनपाशी उभी राहिले. दुसरा बिंदू चारवर घेतला: वक्र उणे तीनवरून शून्यावर, चढ तीन. दोरी आखूड केली, साडेतीनवर आले: चढ अडीच. आणखी आखूड, तीन पूर्णांक एक दशांश: दोन पूर्णांक एक दशांश. आणखी, अगदी फरशीच्या कडेला: दोन आणि वर शतांशभर काहीतरी. दोनच्या जवळ, आणखी जवळ, आणि त्याच्यापलीकडे जायचं नाव नाही. मी सुमनला म्हटलं, दोन. ती शेंग सोलायची थांबली. अवकलन, विकलन, डेरिव्हेटिव्ह, काय वाटेल ते म्हणा, माझ्या अप्पांच्या हाताला ते आधीपासून येत होतं आणि त्याबद्दल त्यांना कोणी एक गुणही दिला नव्हता.

आणि मग मी पुन्हा माझी पहिल्या चाचणीतली रेघ पाहिली. शून्यापासून तीनपर्यंत ओढलेली रेघ खाली जात होती, उणे एक. तो वक्र दोनपर्यंत खरोखरच घसरतो, दोनवर क्षणभर सपाट होतो आणि तिथून वर निघतो. तीनपाशी तो सुरुवातीपेक्षा तीन घरं खालीच असतो. पण चढत असतो. दुरून जोडणाऱ्याला तो पडलेला दिसतो आणि तिथे उभं राहिलं तर पायाखाली चढ लागतो. हे मला त्या गच्चीवर समजलं तेव्हा आनंद झाला, हे खरं. पण त्याहून जास्त चीड आली. तोपर्यंत किती लोकांनी मला दुरून जोडलं होतं ते एकेक करून आठवायला लागलं.

फेब्रुवारीच्या मध्याला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. गणित शिकवणारे सर आणि आमच्या वर्गाचे कोऑर्डिनेटर एकच. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझी तीन टिंबं होती, चोवीस, सतरा, अकरा, आणि त्यांच्यामधून लाल रेघ खाली जात होती. ती अकरावरही थांबली नव्हती. मार्चपर्यंत पुढे ओढलेली होती आणि तिथे ती जवळजवळ जमिनीला टेकली होती. माझी परीक्षा अजून व्हायची होती, आणि माझे गुण तिथे आधीच येऊन बसले होते. सर म्हणाले, ट्रेंड साफ आहे. मग ते हिंदीत हळू आवाजात बोलले, घरातलं वडीलधारं माणूस बोलतं तसं. नापास होऊन नाव कटण्यापेक्षा आपणहून नाव मागे घेतलेलं बरं, रेकॉर्ड स्वच्छ राहतं, तुझ्या बॅकग्राउंडच्या मुलींना हा कोर्स जड जातो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. माझं नाव त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. फक्त सही करायची होती, शुक्रवारपर्यंत.

शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित रडले असते. त्या मायेने माझं डोकं फिरलं. परत जाऊन परभणीत काय सांगणार होते मी? अप्पांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं, पोरगी दिल्लीला शिकते. आणि 'बॅकग्राउंड' म्हणजे काय, तर माझा बाप फरशा बसवतो, हेच ना? मी पिशवीतून पहिल्या चाचणीचा पेपर काढला. तो माझ्याजवळ असायचाच. चिडायला लागलं की मी तो बघायची. लॅपटॉपच्या बाजूला ठेवला आणि त्या लाल शाईवर बोट टेकवलं.  

"सर, यहाँ मैंने दो दूर के बिंदु जोड़े थे. आपने काटा, लिखा, स्लोप ॲट द पॉइंट. आज आपने मेरे साथ वही किया है."

सरांनी पेपर पाहिला, मग मला पाहिलं. त्यांना ते आवडलं नाही हे दिसत होतं, पण ते गणिताचे होते, मुद्दा सोडून जाणं त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, मार्क्स म्हणजे काही वक्र नव्हे. तीन टिंबांवरून कुठल्याही बिंदूपाशी स्लोप निघत नाही, हे तुला कळायला हवं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मला ते कळत होतं, आणि ते कळतंय याचाच मला जोर आला.

"तो सर, तीन बिंदुओं से लाइन भी मत खींचिए."

शिपाई चहा घेऊन आला, कप ठेवून गेला. मी सुमनच्या गणितांचा कागदही काढून ठेवला. रोज दहा गणितं, गेल्या आठ दिवसांत त्यातली बरोबर किती: दोन, दोन, तीन, तीन, चार, पाच, पाच, सहा. जवळजवळचे बिंदू. सरांनी तो बराच वेळ वाचला. म्हणाले, घरी सोडवलेली गणितं आणि परीक्षा यांत फरक असतो. मी म्हटलं, असतो. मग ते म्हणाले, फॉर्म जवळ ठेव, शुक्रवारपर्यंत विचार कर. मी चहा प्यायले नाही. फॉर्म मात्र घेतला.

शुक्रवारी मी संस्थेच्या आवारातल्या सेमलखालच्या बाकावर बसून त्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर सहा गणितं सोडवली. कागद चांगला जाड होता. दोन चुकली. शनिवारी राहिलेल्या जागेत ती पुन्हा केली.

मग मार्चपर्यंत दुसरं काही नव्हतंच. गच्चीवरचं ऊन बोचायला लागलं, आम्ही टाकीच्या सावलीत सरकलो. शेंगा संपल्या, किनू, ती तिकडची संत्री, आली, तीही आंबट होऊन संपत आली. रजया पेटीत गेल्या. सुमनची स्वतःची परीक्षा तोंडावर होती आणि तरी ती माझी दहा गणितं चुकवायची नाही. एकदा मी म्हटलं, तू माझ्यापायी मागे पडशील. ती म्हणाली, दुसऱ्याला ढाल समजवताना तिला स्वतःला पहिल्यांदा ती नीट कळली, आणि आता गप्प बस. अप्पा दर रविवारी फोन करायचे. चाचणी, पेपर, गुण हे शब्द त्यांच्या तोंडात नीट बसायचे नाहीत. ते एवढंच विचारायचे, पाणी जातंय का? मी म्हणायची, जातंय अप्पा, मध्ये जरा थांबतं. ते म्हणायचे, थांबतं तिथली फरशी काढ आणि पुन्हा बसव.

परीक्षेच्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. पहिलं गणित अडलं. दुसऱ्यात चिन्ह चुकलं, ते बाहेर आल्यावर कळलं. वक्राच्या चढाचा प्रश्न आला तो तीनपाशी नव्हता, एकपाशी होता, आणि वक्रही वेगळाच, अंगावर येणारा. मी समासात बारीकशी ढाल काढली, चार फुगवट्यांची, आणि दोरी आखूड करायला लागले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा दोन गणितं कोरीच राहिली होती. बाहेर सुमन किनू सोलत उभी होती. तिने कसा गेला असं विचारलं नाही, अर्धं किनू हातावर ठेवलं.

पास व्हायला शंभरपैकी चाळीस लागत. मला एक्केचाळीस पडले. लोक यावर हसतात. माझा नवरासुद्धा हसतो, तो पुण्याचा, गणितात कायम नव्वदच्या वर. हसू देत. नव्वद मिळवायला त्याला दारातून दोन पावलं टाकायची होती. मी कुठून चालत आले होते ते त्या एक्केचाळिसात लिहिलेलं नसतं, आणि कोणत्या दिशेने चालले होते तेही नसतं. मी त्या निकालाच्या कागदाला आजही कोणापुढे कमीपणा येऊ देत नाही.

अप्पांना फोन केला तेव्हा ते कामावर होते, मागे थापीचा आवाज येत होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "गेलं का पाणी?" मी म्हटलं, गेलं अप्पा. थापी थांबली. मग म्हणाले, बरं झालं माय, आता जेव. सुमन गावी गेली होती, ती परतताना माझ्यासाठी पानिपतची चादर घेऊन आली, गर्द निळी. ती अजून माझ्या पलंगावर आहे. तेव्हापासून मी पानिपत झालं असं कधी म्हणत नाही, घरात कोणी म्हटलं तर भांडते.

निकालाच्या कागदावर कोऑर्डिनेटरची सही लागायची. मी केबिनमध्ये गेले. सरांनी आकडा पाहिला, पेन उघडलं, सही केली. मग कागद माझ्या हातात देताना थोडं हसून म्हणाले, एक मार्क से, किस्मत अच्छी थी तुम्हारी.

मी कागदाची घडी घातली. त्याच पिशवीत तो दुसरा फॉर्म होता, माझं नाव टाइप केलेला, बिनसहीचा, मागे गणितांनी भरलेला.

"नहीं सर," मी म्हटलं, "ढाल थी."

ते गणिताचे, त्यांनी त्यातला एकच अर्थ घेतला असेल. मला अप्पांच्या ढाळासकट तिन्ही म्हणायचे होते.